बाळंतिणीची होडी

माझ्या थोरल्या मुलीचा जन्म सासरी झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमची रीत, पण माझी आई मी लहान असतानाच गेली होती. माहेर खारेपाटणला. वडील गलबतावर माल घेऊन जायचे. पावसाळा सोडला तर घरात त्यांचं दर्शन नसे. काकीने एकदा विचारलं होतं, "येतेस का?" म्हणून, पण त्या विचारण्यातच नको येऊस असं होतं. ते माझ्या सासूला कळलं असावं. सातवा महिना सरत आला तेव्हा एके दिवशी चुलीपुढे बसून मासे साफ करता करता ती म्हणाली, "तुका खंय जावची गरज नाय. हयच होवंदे बाळंतपण. मी आसंय."

सासूला घरात सगळे आये म्हणत, मीही आयेच म्हणायचे. उंच, हाडापेराने मजबूत बाई. रोज पहाटे डोक्यावर माशांची पाटी घेऊन खाडीची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, धरायची, पलीकडे उतरून चालत मालवणच्या बाजारात जायची आणि दुपारी परत यायची. सासरे समुद्रावरच गेले होते, माझं लग्न होण्याच्या आधी. दोन मुलगे तिने त्या पाटीवर वाढवले. थोरला, म्हणजे माझे भावजी, घरची होडी चालवायचे. धाकटा, माझा नवरा, मुंबईहून सुटणाऱ्या मालाच्या बोटीवर कामाला होता आणि त्या वेळी कुठल्या समुद्रात होता ते आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट.

आयेचं बोलणं कमी. मी मराठी सातवी झालेली, पुस्तकं वाचणारी. सुरुवातीला मला वाटायचं, या बाईला मी आवडत नाही. तसं नव्हतं. तिला बोलायची सवयच नव्हती. बाजारात सकाळभर ओरडून झाल्यावर घरी तिला गप्प बसावंसं वाटत असेल.

मार्गशीर्षात मी बाळंत झाले. गावातली म्हातारी सुईण आली होती. निम्मा गाव तिच्या हातावर जन्मला होता. तिचा हात हलका आणि बोलणं गोड. मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. आयेने तिला सुपात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "आजोबाचा नाक घेवन इला." तेवढंच. पण त्या दिवशी ती बाजाराला गेली नाही, आणि ताप असतानाही बाजाराला जाणारी बाई ती.

पुढचे दिवस सगळ्यांचे जातात तसे गेले. काळोखी खोली, खाटेखाली शेगडी, वेखंड आणि ओव्याची धुरी, अंगाला तेल, कढत पाण्याचं न्हाण. खायला मऊ पेज, आळीव, सुक्या खोबऱ्याचा लाडू. पाणी मात्र मोजकंच, कारण बाळंतिणीने पाणी प्यायलं तर पोट सुटतं असं सगळ्या म्हणत. मला तहान लागायची आणि मी बोलायचे नाही.

पाचवी पुजून झाली आणि दुसऱ्या दिवशी मला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. मागोमाग ताप चढला. ओटीपोटात कळा येऊ लागल्या. मुलगी दूध ओढायची आणि मग तोंड सोडून रडायची, कारण दूध आटत चाललं होतं. सुईणीने काढा करून दिला, पोट शेकलं. सकाळी ती पुन्हा आली. माझ्या कपाळाला हात लावला, पांघरूण बाजूला करून पाहिलं, आणि आयेला दाराबाहेर घेऊन गेली. बाहेरचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"ह्या माज्या हाताभायरचा आसा," सुईण म्हणाली. "काढ्यान ह्यो ताप उतरूचो नाय. तिका मालवणाक न्हे. डॉक्टराक दाखय."

तिचं मला आजही कौतुक वाटतं. इतकी वर्षं ज्या बाईचा शब्द गावात शेवटचा मानला गेला, तिने आडपडदा न ठेवता असं सांगावं, ही सोपी गोष्ट नाही.

पण मालवणला न्यायचं कसं? घरात सोयर होतं. बाळंतिणीने दहा दिवस खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, तिचा कुणाला स्पर्श होऊ द्यायचा नाही. शेजारून चुलतसासू आली. ती दुष्ट बाई नव्हती, माझ्या बाळंतपणात तिनेच पाणी तापवलं होतं. ती म्हणाली, "सोयर आसा गो. धा दिस होवच्या आधी बाळंतीण भायर कशी काढतलंस?"

आये म्हणाली, "धा दिस थांबलंय तर तिका भायर काढूचीच लागतली. पण ती चार खांद्यांवरसून."



आये आधी तारीकडे गेली. तारी म्हणजे आमच्या खाडीची तर चालवणारा. त्याची तर म्हणजे पलीकडे जायचा सगळ्या गावाचा एकच रस्ता. आये रोज त्याच तरीने जायची. दोघांची लहानपणापासूनची ओळख. काय बोलणं झालं ते तिने नंतर मला सांगितलं. तो म्हणाला होता, "वयनी, मी नाय म्हणूक नाय. पण तर इटाळली म्हणान लोकां बसाक तयार झाली नाय, तर माजी पोरां काय खातली?" आये त्याच्यावर रागावली नाही. "तुजा खरा आसा," असं म्हणून परत फिरली आणि थेट किनाऱ्यावर भावजींकडे गेली.

भावजी जाळं विणत बसले होते. होडी काढायची म्हटल्यावर ते उभे राहिले. बाळंतीण चढली त्या होडीच्या जाळ्याला मासा लागत नाही, हे आमच्या किनाऱ्यावर लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं. आणि त्यांच्या होडीवर घर चालत होतं.

"आये, मगे आमी खातलाव काय?" ते म्हणाले.

"मासो आज नाय तर फाल्या गावतलो," आये म्हणाली. "तुजो भाव बोटीवरसून इलो आणि माजी बायल खंय म्हणान इचारल्यान, तर मी तेका काय सांगू? मासे गावाचे नाय म्हणान सोडून दिलाव?"

भावजींनी जाळं खाली ठेवलं आणि वल्ही आणायला गेले.

मला चटईत गुंडाळून दोघा-तिघांनी उचललं. खोलीच्या काळोखातून एकदम उन्हात आल्यावर डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. वाटेत बायका दारांत उभ्या होत्या. काही आत वळल्या. होडीत सुक्या जाळ्यांवर गोधडी पसरून मला झोपवलं. आये माझ्या डोक्याशी बसली, मुलगी तिच्या पदराआड, उराशी. भावजी वल्ही मारू लागले. खाडीच्या मुखातून बाहेर पडलो तशी होडी लाटांवर डोलायला लागली, आणि मला वाटलं आता मी मरणार. भीती अशी वाटली नाही. नुसती झोप येत होती.

"डोळे मिटू नको गो," आये म्हणाली. "माज्याकडे बघ. ह्या तुजा चेडू बघ कसा टुकूटुकू बघता."

ती वाटभर बोलत राहिली. एरवी गप्प असणारी ती बाई त्या दिवशी थांबलीच नाही. माझ्या नवऱ्याच्या लहानपणच्या गोष्टी, बाजारातल्या भांडणाच्या गोष्टी, सासऱ्यांनी एकदा जाळ्यात सापडलेलं कासव सोडून दिलं त्याची गोष्ट. गोष्टीच्या मध्येच थांबून विचारायची, "मगे काय झाला असतला?" आणि मी उत्तर देईपर्यंत पुढे जायची नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव चालला होता. आयेच्या बरोबरच्या बायका पाट्या घेऊन वाळूत बसलेल्या. होडीत बाळंतीण बघून एकीने विचारलं, "सोयराचे धा दिस भरले काय गो?" आये म्हणाली, "नाय. ताप आसा." ती बाई लगेच उठली. सोयराचं तिने पुन्हा काढलं नाही. तिने जवळच्या दुकानातून हातांची खुर्ची मागून आणली. मला तीत बसवलं. दोन गडी खुर्ची उचलून चालले आणि दोन्ही बाजूंनी त्या बायकांनी माझ्यावर लुगड्याची सावली धरली. त्यांच्या हातांना माशांचा वास येत होता. भर बाजारातून माझी अशी मिरवणूक गेली. लोक बाजूला होत होते. आये पुढे, मुलीला घेऊन, आणि तिच्या चालीत कुठेही घाई दिसत नव्हती. ती घाबरली असती तर मी धीर सोडला असता.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मध्यम वयाचे होते. त्यांनी तपासलं आणि आयेकडे वळून विचारलं, "इतके दिवस घरी का ठेवलीत?"

"ठेवलंय नाय, डॉक्टरानू. ताप काल चढलो. आज हाडलंय."

"मग वेळेवर आणलीत," ते म्हणाले. "उद्यापर्यंत थांबला असता तर मला काही सांगता आलं नसतं."

पेनिसिलिनच्या सुया सुरू झाल्या. दवाखान्याच्या मागच्या पडवीत काही खाटा होत्या, त्यातली एक मला मिळाली. तिथे एक नर्सबाई होत्या, घाटावरच्या. पांढरं लुगडं, पाठीवर एकच घट्ट वेणी, आणि बोलणं स्पष्ट, आमच्यासारखा हेल नसलेलं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की मला तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सगळं पी. तहानलेल्या बाईला दूध कुठून येणार?" मी प्यायले आणि मला रडू आलं. इतक्या दिवसांत पोटभर पाणी मी पहिल्यांदाच पीत होते.

मुलीच्या भुकेची सोयही बाजारातल्या बायकांनीच केली. खुर्ची आणणाऱ्या बाईची सून अंगावर पाजणारी होती. नर्सबाईंनी तिला चार प्रश्न विचारले, तिचं मूल पाहिलं आणि होकार दिला. ती दिवसातून कितीदा तरी यायची, स्वतःच्या मुलाला एका बाजूला आणि माझ्या मुलीला दुसऱ्या बाजूला घेऊन भिंतीला टेकून बसायची. "तुजा चेडू माज्या झिलापेक्षा जोरात ओढता," असं हसत म्हणायची. हे ऋण कसं फेडायचं असतं ते मला अजून समजलेलं नाही. नर्सबाई मात्र म्हणायच्या, तू पण पाजत राहा, आलं नाही तरी पाजत राहा. ताप उतरला तसं हळूहळू मला दूध आलं.

आये आता सकाळी बाजारात बसायची आणि मासे संपले की पेजेचं भांडं घेऊन दवाखान्यात यायची. पहिल्याच दिवशी तिने मुलीला उचलायला हात पुढे केले तशा नर्सबाई म्हणाल्या, "थांबा. आधी साबणाने हात धुवा. मासे हाताळलेत ना?"

मला वाटलं, आता भांडण होणार. बाजारात आयेच्या वाटेला कुणी जात नसे. आयेने आपल्या हातांकडे पाहिलं. "बरां," म्हणाली आणि नळावर गेली. त्यानंतर हात धुण्याचं तिने असं काही मनावर घेतलं की पुढे आमच्या घरी मामलेदार जरी आला असता तरी हात धुतल्याशिवाय त्याला बाळाला हात लावता आला नसता.

नर्सबाईंनीही तिला सगळं विचारून घेतलं. घरी काय देता, काय लावता. पेज चांगली म्हणाल्या, आळीव चांगले, तेल चोळता ते उत्तम. नाळेवर राख लावू नका. खोलीची खिडकी उघडी ठेवा. चीक पिळून टाकू नका, तो बाळालाच द्या. आये प्रत्येक गोष्टीवर "कित्याक?" विचारायची आणि नर्सबाई न कंटाळता सांगायच्या. पटेपर्यंत आये हलायची नाही. पटलं की मग दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. दोघी एकमेकींना आवडायला लागल्या होत्या, हे मला खाटेवरून दिसत होतं.

बरी होऊन मी घरी आले तेव्हा सोयर केव्हाच फिटलं होतं, पण गावाचं बोलणं संपलं नव्हतं. आणि नेमकं त्या दिवसांत जाळ्याला काही लागत नव्हतं. भावजी पहाटे जायचे आणि टोपलीच्या बुडाशी चार बांगडे घेऊन यायचे. ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. जाऊ मात्र भांडी जरा जोरात आपटायची. तिचंही चुकत नव्हतं. तिची तीन मुलं त्याच टोपलीकडे बघत होती.

आये देवभोळी होती. सोयर तिला खोटं वाटत होतं असं कुणी समजू नये. एका सकाळी न्हाऊन, नारळ घेऊन ती गावदेवाच्या देवळात गेली आणि मला बरोबर नेलं. आमच्याकडे देवापुढे उभं राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतात. ते काम गुरवाचं. पण गुरव सुरू करणार तोच आये स्वतःच बोलली.

"बा देवा, सुनेचो जीव वाचवक मी सोयरात होडी काढलंय. ती चूक असली तर ती माजी. माज्या पदरात घाल. होडयेच्या माथी मारू नको, झिलाक उपाशी ठेवू नको."

देवळात आणखी माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. हात जोडून ती वळली आणि पाटी घ्यायला घरी गेली. मासे पुढे लागले, जसे दर हंगामात कधी लागतात आणि कधी लागत नाहीत. पण त्या दिवसापासून गावातलं बोलणं कमी झालं. सगळ्यांसमोर जी चूक एखादीने पदरात मागून घेतली, तिच्यावर आणखी काय बोलणार?

पुढच्या वर्षी तारीची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला आणि काही दिवसांतच त्याची बेंबी सुजली, लाल झाली. तारी स्वतः आमच्या अंगणात आला. बसला नाही. "वयनी, न्हेवचा लागतला," एवढंच म्हणाला.

आये पाटी घेऊन निघालीच होती. ती त्याच्याबरोबर तरीवर गेली आणि त्याच्या मुलीच्या अगदी शेजारी, अंगाला अंग लावून बसली. पाटी मांडीपुढे. बाजाराला जाणारी बाकीची माणसं काठावर उभी होती. कुणी पुढे येईना. आये त्यांना या म्हणाली नाही, येऊ नका असंही म्हणाली नाही. थोड्या वेळाने एक बाई चढली. मग दुसरी. शेवटी गावच्या शाळेचे मास्तर चढले, धोतर सावरत. मीही मुलीला कडेवर घेऊन काठावर उभी होते, आणि तर मध्यावर जाईपर्यंत तिथून हलले नाही. त्या मुलाला पुढे काही झालं नाही. आता त्याचे केस पांढरे झाले आहेत.

हे नर्सबाईंच्या कानावर गेलं. त्या एका बुधवारी तरीने स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, "बाळंतिणींनी एवढं यायचं, त्यापेक्षा मी आठवड्याला एकदा येते. बसायला जागा द्या." आयेने पडवी सारवून दिली. तेव्हापासून दर बुधवारी आमच्या पडवीत बाळंतिणी आणि तान्ही मुलं जमू लागली. नर्सबाई ताप बघायच्या, अंगावरून जाणं, छातीची दुखणी, सगळं हळू आवाजात विचारायच्या. म्हातारी सुईणही येऊन बसायची. नर्सबाईंनी तिला नाळ कापायची पाती उकळून घ्यायला शिकवलं, आणि अडलेली बाई ओळखण्यातला तिचा अंदाज त्या स्वतः मानायच्या.

वजनकाट्यावरून मात्र एकदा अडलं. नर्सबाईंनी वाशाला काटा टांगला, त्याला झोळी बांधली आणि एक मूल त्यात घालणार तेवढ्यात आये म्हणाली, "बाई, आमी म्हावरासुद्धा तोलून इकणव नाय, वाटे लावताव. पोरां काय तोलतास? दिष्ट लागतली."

नर्सबाईंनी जरा विचार केला. "मग दृष्ट लागू नये म्हणून तुम्ही काय करता?"

आयेने आतून काजळाची डबी आणली. त्यानंतर प्रत्येक मुलाच्या गालाला आये आधी तीट लावायची आणि मग ते झोळीत जायचं. नर्सबाई तेवढा वेळ काटा धरून थांबायच्या.

नर्सबाईंची बदली झाली ती बऱ्याच वर्षांनी, सावंतवाडीच्या बाजूला. त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या, बुधवार चालू राहिला. माझी पुढची दोन बाळंतपणं आयेनेच केली, खिडकी उघडी ठेवून आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून.

एकदा, आयेचं वय झाल्यावर, आम्ही दोघी पडवीत सुके सोडे निवडत बसलो होतो तेव्हा मी विचारलं, "आये, त्या दिवशी होडी काढताना तुमी भियलास नाय?"

"भियलंय तर," ती म्हणाली. "पण सुकती लागली होती. आणखी थोडो वेळ भियत रवलंय असतंय तर पाणी उतारला असता आणि होडी मुखार रेवेत रुतली असती."

ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. मी आणखी काही तरी बोलणार होते, तिला काही सांगणार होते, पण तिने सोड्यांचं सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "ह्यात खडे रवलेत. तुजे डोळे चांगले, तू बघ." मी सूप मांडीवर घेतलं आणि निवडायला लागले.